संगणक कक्षातील नवा मॉनिटर

‘मॉनिटर’ हा शब्द आपण सर्वांनी प्रथम ऐकला तो वर्गप्रमुखाच्या अर्थाने. गुरुजी वर्गाबाहेर गेले की फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहिणारा तो मॉनिटर. या पद्धतीमागे मोठा इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमधील अनाथ मुलांच्या एका शाळेत डॉ. अँड्र्यू बेल यांनी थोरल्या विद्यार्थ्यांकडून धाकट्यांना शिकवून घेण्याचा प्रयोग केला. १७९७ साली त्यांनी त्याचा वृत्तांत लंडनमध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे ही पद्धत इंग्लंडमध्येही रुजली. शिक्षक एक आणि मुले अनेक, या अडचणीवरचा तो उपाय होता. मॉनिटरकडे तेव्हाही दोन कामे होती : मागे राहिलेल्याला हात देणे आणि सर्वांवर नजर ठेवणे. आज संगणक कक्षात हीच दोन्ही कामे करणारे सॉफ्टवेअर आले आहे. ते कसे चालते आणि त्याच्याकडून यांपैकी कोणते काम अधिक घ्यावे, याविषयी हे थोडे विवेचन.

संगणक कक्षात शिक्षकाची अडचण वेगळीच असते. साध्या वर्गात मुलांचे चेहरे आपल्याकडे असतात. येथे ते पडद्यांकडे वळलेले असतात. पहिल्या रांगेतील मुलगा पुढचा धडा उघडून बसतो, तर शेवटच्या रांगेतील मुलीचा संगणक तासाच्या आरंभीच अडकलेला असतो. घरी कधी संगणक न पाहिलेले मूल अशा वेळी हात वर करत नाही. आपल्या हातून यंत्र बिघडले असे समजून ते गप्प बसते. शिक्षक तेथवर पोहोचेपर्यंत तास संपतो.

या अडचणीवर उपयोगी पडणारे एक सॉफ्टवेअर म्हणजे ‘वेयॉन’. जर्मनीतील टोबियास युंगहान्स यांनी त्याचा विकास केला. आधी ते ‘आयटाल्क’ या नावाने ओळखले जाई. २०१७ मध्ये नव्या रूपात ‘वेयॉन’ म्हणून आले. विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणालींवर ते चालते. प्रत्येक विद्यार्थ्याच्या संगणकावर त्याचा एक छोटा भाग सतत कार्यरत असतो आणि शिक्षकाच्या पडद्यावर सर्व संगणकांची लहान लहान चित्रे एकाच वेळी दिसतात. अडलेल्या मुलीच्या पडद्यावर शिक्षक आपल्या जागेवरून माऊस चालवून दाखवू शकतो, स्वतःचा पडदा सर्वांना दाखवून पाठ समजावू शकतो, सूचना पाठवू शकतो, काही वेळ सर्व पडदे बंद करून मुलांचे लक्ष फळ्याकडे वळवू शकतो आणि शेवटी सारे संगणक एकदम बंद करू शकतो. यासाठी इंटरनेटची गरज नसते. कक्षातील संगणक तारेने एकमेकांना जोडलेले असले की पुरे. ग्रामीण शाळांना ही मोठीच सोय आहे. ग्रीसमध्ये तयार झालेले ‘एपोप्टेस’ हेही याच जातीचे, लिनक्सवर चालणारे सॉफ्टवेअर आहे.

ही दोन्ही सॉफ्टवेअर ‘मुक्त’ आहेत. या शब्दाचा अर्थ पुष्कळजण ‘फुकट’ एवढाच घेतात. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि त्या चळवळीतून मुक्त सॉफ्टवेअरची चार स्वातंत्र्ये पुढे आली : कोणत्याही कारणासाठी वापरणे, आतील रचना तपासणे, प्रती वाटणे आणि सुधारून सुधारित रूप इतरांना देणे. पैशांची बचत हा त्यातील एक लाभ झाला. शाळेच्या दृष्टीने दुसरे स्वातंत्र्य अधिक मोलाचे. जे सॉफ्टवेअर आमच्या मुलांचे पडदे पाहते, ते आत काय करते हे तपासण्याची वाट खुली असली पाहिजे. आपल्याला स्वतःला ते तपासता आले नाही, तरी जाणकाराला तपासता येते. वेयॉनचा मूळ भाग असा खुला आहे. काही जादा जोडभाग मात्र विकत घ्यावे लागतात. केरळ राज्याने शालेय संगणक शिक्षणासाठी मुक्त सॉफ्टवेअरचाच मार्ग धरला आहे.

आता नजरेचा प्रश्न. एका तासाला मी असाच लहान चित्रांवरून नजर फिरवत होतो. एका मुलाने दिलेला परिच्छेद संपवून उरलेल्या वेळात आईला पत्र लिहायला घेतले होते. मी चित्र मोठे केले आणि दोन ओळी वाचल्यावर थांबलो. ते पत्र माझ्यासाठी नव्हते. निवासी शाळेतील मूल झोपण्यापासून जेवणापर्यंत कुणाच्या ना कुणाच्या देखरेखीखाली असते. त्याला एकांताचा एक कोपरा मिळाला होता आणि मी त्यात न विचारता डोकावलो होतो. त्याने काही चुकीचे केले नव्हते. चूक माझी होती.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. मूल शाळेच्या दारात आले म्हणून तो हक्क बाहेर राहत नाही. म्हणून हे साधन वापरणाऱ्या प्रत्येक शाळेने काही पथ्ये पाळावीत. पडदे दिसतात, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे. शक्य असेल तर शिक्षकाचा पडदाही त्यांना दाखवावा. पालकांना सभेत याची माहिती द्यावी. पाहणी फक्त तासापुरती असावी आणि मुलांच्या पडद्यांची छायाचित्रे साठवू नयेत. वेयॉनमध्ये शिक्षकाच्या संगणकावर एक खासगी किल्ली असते. तिची जोडकिल्ली विद्यार्थ्यांच्या संगणकांवर असते. खासगी किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या हाती साऱ्या कक्षाची नजर. तेव्हा ती कोणाकडे आहे याची लेखी नोंद असावी आणि शिक्षक बदलला की किल्लीही बदलावी.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज संगणक क्षेत्रात नोकरी करतात. एखाद्या सुट्टीच्या दिवशी शाळेत येऊन ही जोडणी करून देणे आणि शिक्षकांना शिकवणे त्यांना सहज शक्य आहे. पालकांनीही आमचे पडदे कोण पाहते, असे मोकळेपणाने विचारावे. त्या प्रश्नाने शिक्षकाचा अवमान होत नाही.

त्या दिवशी तास संपल्यावर मी त्या मुलाला बाजूला बोलावून जे घडले ते सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला आणि मग म्हणाला, “सर, ते छापून मिळेल का? पोस्टाने पाठवायचं आहे.” पत्र छापून त्याच्या हाती दिले, तेव्हा कागदाची कोरी बाजू वर ठेवली होती.