नैराश्यरोधी वनस्पती आणि उंदरांची चाचणी

विदर्भात यवतमाळच्या घाटंजीसारख्या तालुक्यांना लागून असलेल्या पानगळीच्या जंगलांत मालकांगणी ही वेल आढळते आणि तिच्या बियांचे तेल आयुर्वेदात बुद्धिवर्धक मानले जाते. मात्र अशा वनस्पतीत नैराश्यरोधी गुण आहे का, हे ठरवताना औषधशास्त्र परंपरेवर न विसंबता प्रथम प्राण्यांवर चाचणी घेते. रॉजर पोर्सोल्ट आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सक्तीच्या पोहण्याच्या चाचणीत, अर्क, म्हणजे पाणी किंवा अल्कोहोलसारख्या द्रवात उतरवलेला वनस्पतीचा अंश, दिलेला उंदीर पाण्याने भरलेल्या उभ्या नळकांड्यात ६ मिनिटे ठेवतात आणि शेवटच्या ४ मिनिटांत तो किती वेळ निश्चल तरंगतो हे मोजतात. इमिप्रामिनसारख्या प्रमाणित नैराश्यरोधी औषधाने हा काळ घटतो, म्हणून अर्कानेही तो घटल्यास गुणाची शक्यता मानली जाते. तथापि उत्तेजक द्रव्यांनीही उंदीर अधिक धडपडतो, त्यामुळे त्याची एकूण हालचाल स्वतंत्रपणे तपासावी लागते. शिवाय ही निश्चलता हताशपणाची खूण नसून शक्ती वाचवण्याची शिकलेली रीत असावी, असाही आक्षेप आहे. म्हणून असे निष्कर्ष केवळ प्राथमिक चाळणी ठरतात आणि माणसांवरील नियंत्रित चाचण्यांशिवाय ते उपचाराचा आधार होऊ शकत नाहीत.