बंदूक खाली ठेवल्यावर हातात काय?

१४ जून २०२२ रोजी केंद्र सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. २०२२ च्या अखेरीपासून सैन्यात दाखल झालेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पुरी होतात. चारांपैकी फार तर एकाला सैन्यात कायम ठेवणार, तिघे घरी येणार. सोबत सेवानिधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. यातला एखादा वारली, कोकणा किंवा बौद्ध तरुण डहाणू-तलासरीला परतला, तर चार वर्षांत शिकलेल्या कामावर त्याला पोट भरता येईल काय, हा आमचा सवाल आहे.

ड्रायव्हरचेच उदाहरण घ्या. समजा, तलासरीच्या तरुणाने सीमेवरच्या घाटात लष्कराचा अवजड ट्रक चालवला. पण मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १८ सांगते की, लष्करी अधिकाऱ्याने दिलेला परवाना संरक्षणाच्या कामातील सरकारी वाहनांपुरताच. त्यावर दुसरे कोणतेही वाहन चालवता येत नाही. म्हणजे नोकरीत असतानाच त्याने साधा परवाना काढून ठेवला नसेल, तर गावी आल्यावर त्याने वसई-विरारच्या परिवहन कार्यालयात नागरी परवान्यासाठी अर्ज करायचा; मात्र लष्करी परवाना दाखवला, तर त्या वर्गाच्या वाहनाची चाचणी त्याला द्यावी लागत नाही. अच्छाडच्या हद्दीवरून रात्रंदिवस ट्रक धावताहेत आणि नागरी परवाना वेळेत काढला नाही, तर ट्रक चालवणारा हात मात्र उंबरगाव, सरीगामच्या कारखान्यात कंत्राटी हमाली करणार. याला देशसेवेचे बक्षीस म्हणायचे का?

कोणी म्हणेल, कागदाचे एवढे काय? ज्याचा काका-मामा कंपनीत साहेब आहे, त्याला कागद नसला तरी चालतो. आमच्या माणसाची ओळख सांगणारा कोणी नसतो. त्याचे कसब सिद्ध करणारा एकमेव साक्षीदार म्हणजे सरकारी शिक्क्याचा कागद. तोच नसेल, तर मालक आधी जात पाहतो, मग मजुरी ठरवतो.

सैन्याने आमच्या समाजाला काय दिले, हे चळवळीला सांगायला नको. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली, तेव्हा नोकरीबरोबर शिक्षणाचीही वाट बुजली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. पण सैनिक परत आल्यावर काय, हाही प्रश्न तेव्हा विचारला गेला होता. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, जुलै १९४५ मध्ये, त्यांच्याच खात्यात पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले. युद्ध संपल्यावर सैन्यातून सुटणारे जवान व युद्धकामगार यांना नागरी जीवनात काम मिळावे, हा त्याचा हेतू. आज आपण जिला सेवायोजन कचेरी म्हणतो, ती यातूनच आली; १९४८ मध्ये ती सर्वांना खुली झाली.

आजच्या सरकारने काहीच केले नाही, असे आम्ही म्हणत नाही. दहावी पास अग्निवीराला मुक्त विद्यालयाचे बारावीचे प्रमाणपत्र आणि इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या पदवीत सैन्यातील प्रशिक्षणाचे निम्मे श्रेयांक, अशी सोय आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत २०२२ मध्ये १० टक्के जागा राखीव जाहीर केल्या होत्या. पण बी. ए.च्या पदवीवर ट्रक चालवता येत नाही आणि वायरमनचा परवाना राज्याचे वेगळे मंडळ देते.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. लष्करी परवाना असणाऱ्याला नागरी परवान्यासाठी चाचणी माफ करणाऱ्या कायद्यातील तरतुदीची नीट अंमलबजावणी करा. सैन्यात शिकलेल्या प्रत्येक कामाचे आयटीआयच्या तोडीचे प्रमाणपत्र सुटका होण्यापूर्वीच हातात द्या. परवान्याची शिबिरे डहाणू व तलासरीच्या तहसील कचेरीत भरवा. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्याला मच्छीमारांचा व आदिवासींचा विरोध आहे आणि तो रास्त आहे. पण रोजगाराचे आश्वासन देणाऱ्यांनी इथल्या कसबी पोराला कागदाअभावी दारातून परत पाठवू नये.

आणि आपणही नुसते निवेदन देऊन थांबू नये. प्रत्येक विहारात, प्रत्येक पाड्यावर सैन्यात गेलेल्या मुलांची यादी करा. सुट्टीवर आलेल्याला आजच सांगा : साधा परवाना काढ, जात वैधता करून घे, युनिटकडून प्रत्येक प्रशिक्षणाचा दाखला माग. चार वर्षे संपल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

जयभीम!