दिव्यांची अवस

आषाढी अमावास्या म्हणजे दिव्यांची अवस. या दिवसाला सरकारी सुट्टी नाही, लेकीला माहेरी आणण्याची रीत नाही, की बाजारात तिच्यासाठी दुकाने सजत नाहीत. दुसऱ्या दिवशी श्रावण लागायचा असतो. नागपंचमी, मंगळागौर, जिवतीचे शुक्रवार, गोकुळाष्टमी अशी सणांची रांग दाराशी उभी असते. त्या गर्दीच्या आदल्या दिवशी घराने आपल्या दिव्यांची विचारपूस करावी, एवढेच या दिवसाचे प्रयोजन. घरातल्या घरात, घरच्याच माणसांनी साजरा करावयाचा हा सण आम्हांला म्हणूनच फार जवळचा वाटतो.

सकाळची कामे उरकली की देवघरातली, फडताळातली आणि माळ्यावरची सारी दीपमंडळी मोरीपाशी गोळा होतात. रोजची समई आणि निरांजने, सणावारी निघणारी पंचारती, लग्नकार्यात मिरवणारा लामणदिवा, शिवाय वीज गेल्यावरच ज्याची आठवण होते तो बिचारा कंदील. चिंचेचा कोळ आणि राख यांनी पितळ घासू लागावे, तो पाण्याचा रंग बदलू लागतो. समईच्या शेंड्यावरील मोराच्या पिसाऱ्यात वर्षाचे तेलकट कीट साचलेले असते. ते काढण्यास काडीला चिंधी गुंडाळावी लागते, आणि हे काम घरातील सर्वांत लहान बोटांकडे आपोआप येते. घरात दोन समया असल्या तर त्यांचे मळसूत्री भाग उलगडल्यावर हमखास एकमेकींत मिसळतात. मग दोन्ही समया किंचित कलत्या उभ्या राहतात, आणि कोणाचा दांडा कोणाला बसला यावर दुपारचा चहा होईपर्यंत वाद रंगतो.

घासता घासता दिव्याच्या बुडाकडे अवश्य पाहावे. भांड्यांवर नावे घालण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली ती अक्षरे घासून घासून पुसट झालेली असतात. परंतु कोणी, कोणास, कोणत्या निमित्ताने हा दिवा दिला, हे बोट फिरवले तरी लागते. आजेसासूच्या रुखवतातील निरांजन आणि मुलाच्या मुंजीत मामाने दिलेली समई एकाच पाटावर येतात, आणि विस्मरणात गेलेल्या नात्यांची उजळणी होते. ज्यांना हे दिवे केवळ जुने पितळ वाटते त्यांनी पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय एकदा पाहावे. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजेच दिनकर गंगाधर केळकर यांनी घरोघरच्या रोजच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर वेचल्या, अकाली निवर्तलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव त्या संग्रहास दिले आणि १९७५ साली तो शासनाच्या स्वाधीन केला. नाना घाटांचे दिवे हे त्या संग्रहाचे एक मोठे वैभव आहे.

तिन्हीसांजेला पाटावर दिवे मांडून, भोवती रांगोळी रेखून पूजा होते, आणि मग कहाणी वाचली जाते. एका राजाची सून घरातला पदार्थ स्वतः खाते आणि आळ उंदरांवर घालते. उंदीर सूड म्हणून तिची चोळी रात्री पाहुण्याच्या अंथरुणात नेऊन टाकतात. सासू-दीर तिची निंदा करतात आणि तिला घराबाहेर काढतात. ही सून रोज स्वतः दिवे घाशी, तेलवात करी, खडीसाखरेने ज्योती सारी. ती गेल्यावर ते सारे बंद पडले. पुढे या अमावास्येच्या रात्री शिकारीहून परतणारा राजा एका झाडाखाली उतरला असता त्याला गावोगावचे दिवे झाडावर बसून आपापल्या घरचा पाहुणचार सांगताना दिसले. त्यांत राजाच्या घरचा दिवा तेवढा उदास. त्याने सुनेची सारी हकीकत सांगितली, ती राजाने ऐकली.

या कहाणीतील दोन गोष्टींकडे आमचे लक्ष नेहमी वेधते. एक म्हणजे सून खोटे बोलली, हे कहाणी लपवीत नाही. खाल्लेल्या जिनसाचा आळ उंदरामांजरांवर घालण्याचा प्रकार कोणत्या घरात घडत नाही? दुधावरची साय तर प्रत्येक घरात मांजरच खाते! दुसरी गोष्ट याहून गंभीर. घरी परतल्यावर राजाने प्रथम काय केले? कोणी प्रत्यक्ष पाहिले आहे काय, अशी चौकशी केली. सुनेची अब्रू गेली, ती घराबाहेर पडली, तोपर्यंत हा साधा प्रश्न त्या राजवाड्यात एकालाही सुचला नव्हता. साक्षीला माणूस कोणी नव्हते. साक्ष दिली ती तिच्या हाताखालून रोज गेलेल्या दिव्याने. राजाने मेणा पाठवून तिला आणले, क्षमा मागितली आणि घरचा कारभार तिच्या हाती दिला. ही कहाणी सुनांनी ऐकावयाची असे मानले जाते. आमच्या मते ती वाचावी सुनेने आणि ऐकावी सासू, दीर व सासरे यांनी.

जाता जाता एक खंत नोंदवतो. श्रावण पाळणारी पुष्कळ मंडळी आदल्या दिवशी सामिष भोजन करतात, त्यात वावगे काही नाही. परंतु त्यापायी या तिथीलाच ‘गटारी’ म्हणण्याची जी टूम निघाली आहे, ती दिव्यांच्या दिवसाला शोभत नाही. शेजारच्या कर्नाटकात हीच तिथी ‘भीमन अमावास्या’ म्हणून पाळतात, आणि तेथेही पूजेत दिव्यांचाच मान असतो.

उरला नैवेद्य. गुळाच्या पाण्यात कणीक घट्ट भिजवावी, तुपाचे थोडे मोहन आणि वेलची घालावी, दिव्यांचे आकार वळून ते वाफवून काढावेत. पुष्कळ घरांत याच दिव्यांत वात लावून मुलांचे औक्षण करतात. नंतर वात काढली की दिव्याच्या वाटीत गरम तूप सोडावयाचे, आणि काठाशी किंचित काळवंडलेला दिवा मुद्दाम मागून घेणारा घरात एक तरी असतोच. कहाणी नुकतीच ऐकलेली असते, त्यामुळे पानावर मुलांची एक शंका ठरलेली. राजाच्या सुनेने खाल्ला तो पदार्थ कोणता? कहाणी ते सांगत नाही. मग आजी आपल्या पानातला दिवा उचलून नातवाच्या पानात ठेवते आणि म्हणते, ‘‘हाच असेल बरं, तुपात बुडवलेला!’’