लाल इशाऱ्याखालची बारीक ओळ

"बँकेची साइट उघडत नाही, काहीतरी लाल आलंय," असा फोन आला की मी आधी विचारतो, "एकच साइट अडतेय की सगळ्याच?" अर्धं निदान या उत्तरात होतं. एकच अडत असेल तर दोष बहुधा त्या साइटचा. सगळ्याच अडत असतील तर आपल्या घरातला.

शेजारच्या काकूंच्या डेस्कटॉपवर सगळ्याच अडत होत्या. इशाऱ्याखाली करड्या, बारीक अक्षरांत ओळ होती : 'सर्ट डेट इनव्हॅलिड'. "ॲडव्हान्स्डवर जाऊन पुढे जाऊ का रे?" काकूंनी विचारलं. "नको काकू, आधी तारीख बघू." उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळात वर्ष होतं २०१५.

साइट आपली ओळख पटवायला ब्राउझरला एक सर्टिफिकेट दाखवते. प्रत्येक सर्टिफिकेटवर दोन तारखा असतात, कधीपासून आणि कधीपर्यंत. ब्राउझर त्या आपल्या कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळच २०१५ दाखवत असेल, तर आज चालू असलेलं सर्टिफिकेट त्याच्या लेखी अजून सुरूच झालेलं नसतं.

तारीख हाताने दुरुस्त केली आणि साइट उघडली, पण काम तिथे संपत नाही. रात्री मेन स्विच बंद झाला की तारीख पुन्हा मागे जाते, कारण मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल संपलेला असतो. सीआर२०३२, ३ व्होल्टचा. वायर काढायची, बाजूचं झाकण उघडायचं, सेलच्या कडेची पत्र्याची क्लिप बारीक स्क्रू-ड्रायव्हरने हलकेच मागे दाबायची. सेल टुणकन वर येतो. नवा सेल अधिकची बाजू वर ठेवून बसवायचा आणि बायोसमध्ये तारीख-वेळ भरायची.

घड्याळ बरोबर असूनही 'सर्ट ऑथॉरिटी इनव्हॅलिड' आलं, तर प्रश्न सर्टिफिकेट कोणी दिलं याचा असतो. विश्वासू संस्थांची यादी कॉम्प्युटरमध्ये आधीपासून असते. अपडेट बंद पडलेल्या मशीनवर ती जुनी होते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी 'डीएसटी रूट सीए एक्स३' या मूळ सर्टिफिकेटची मुदत संपली, तेव्हा कित्येक जुन्या मशीनवर धडधाकट साइटही अडल्या. फायरफॉक्स स्वतःची वेगळी यादी बाळगतो. म्हणून तीच साइट त्यात उघडून बघतो. तिथे चालली, तर दोष विंडोजच्या यादीकडे असण्याची शक्यता वाढते. मग सर्टिफिकेट उघडून 'इश्यूड बाय' वाचतो. तिथे अँटिव्हायरसचं नाव दिसलं, तर तोच मध्ये बसून वाहतूक तपासतोय. त्याची ती सेटिंग बंद करून पुन्हा बघायचं.

'कॉमन नेम इनव्हॅलिड' म्हणजे सर्टिफिकेट दुसऱ्याच नावाचं. आधी पत्त्यातलं स्पेलिंग तपासावं. हॉटेलच्या वायफायवर लॉगिन राहिलं असेल, तरीही असंच काहीतरी येऊ शकतं.

हे सगळं तपासल्याशिवाय मी कुणालाही पुढे जाऊ देत नाही. ऑगस्ट २०११ मध्ये इराणमधल्या एका माणसाला जीमेल उघडताना क्रोमने असाच इशारा दिला. त्याने तो गंभीरपणे घेतला आणि उघडपणे विचारणा केली. त्यातून कळलं, की 'डिजिनोटार' या डच कंपनीत घुसखोरी होऊन गूगलच्या नावाचं बनावट सर्टिफिकेट निघालंय आणि त्याच्या जोरावर इराणी लोकांवर पाळत ठेवली जातेय. महिन्याभरातच कंपनी दिवाळखोरीत गेली.

सर्टिफिकेटची मुदतही आता आखूड होत चालली आहे. २०२० मध्ये ती जास्तीत जास्त ३९८ दिवसांवर आली. २०२९ पर्यंत ४७ दिवसांवर आणायचं ठरलंय. म्हणजे घरातलं घड्याळ दोन-चार आठवडे चुकलं तरी साइट अडू लागतील. काकूंना मी एवढंच सांगून ठेवलंय : लाल दिसलं की काहीही दाबू नका, खालच्या बारीक ओळीचा फोटो काढून पाठवा.