पास झालेले इंजिनही खोलायला हवे

नवे इंजिन बाजारात येण्याआधी टेस्ट बेडवर डायनॅमोमीटरला जोडून शेकडो तास भाराखाली चालवतात. १९६६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या ‘एआरएआय’ (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) यासारख्या संस्थांचे हे नित्याचे काम आहे. शेवटच्या तासापर्यंत ताकद टिकली, तेल खाण्याचे प्रमाण वाढले नाही, की इंजिन पास झाले असे मानण्याचा मोह होतो. पण चाचणीचा खरा निकाल इंजिन खोलल्यावरच हाती येतो. आणि झीज किती झाली यापेक्षा ती कुठे व कशी झाली, यालाच त्यात अधिक वजन दिले पाहिजे.

सिलिंडरच घ्या. पिस्टन वर जाऊन परत फिरतो त्या क्षणी त्याचा वेग शून्य होतो, तेलाचा थर कमालीचा पातळ होतो आणि उष्णता व दाब मात्र प्रचंड असतो. त्यामुळे वरच्या रिंगच्या त्या जागी सर्वाधिक झीज होणे स्वाभाविकच. त्याखाली होनिंगच्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा शाबूत असतील तर भिंत अजून तेल धरून ठेवते आहे. उभे ओरखडे दिसले, तर बहुधा धूळ किंवा धातूचा कण आत शिरला आहे. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा वरचा अर्धा भाग जास्त घासतो, कारण ज्वलनाचा दाब त्यावर येतो. हीच झीज एका कडेला साचली असेल, तर रॉड वाकल्याची किंवा क्रँकशाफ्टचे जर्नल निमुळते झाल्याची शंका घ्यावी. दोन बेअरिंगमधून सारखेच मायक्रॉन गेले असले, तरी दोघांचे भवितव्य सारखे नसते.

क्लचचेही तसेच. क्लच प्लेटची जाडी किती कमी होते, हे किलोमीटरपेक्षा क्लच किती वेळा आणि किती घसरत पकडला, यावर ठरते. घाटातल्या चढावर हाफ क्लचवर तोललेली गाडी अस्तर झपाट्याने खाते. अस्तराच्या पृष्ठभागापासून रिव्हेटच्या डोक्यापर्यंतची खोली मोजतात, ती ०.३ मिलिमीटरवर आली की प्लेट बदलावी, असे अनेक सर्व्हिस पुस्तिका सांगतात. पण प्रेशर प्लेटवरचे निळसर डाग अति तापल्याचे सांगतात आणि तेलाने माखलेले अस्तर गळक्या ऑइल सीलकडे बोट दाखवते. या दोन्ही गोष्टी जाडीच्या आकड्यात दिसत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, तेलाचा नमुना तपासला की लोखंड, तांबे, सिलिकॉन किती ते कळते. मग इंजिन खोलायचे कशाला? ही तपासणी उपयुक्तच आहे. मात्र नेहमीच्या स्पेक्ट्रोमीटरला काही मायक्रॉनपर्यंतचेच कण नीट दिसतात, मोठे तुकडे निसटतात. शिवाय लोखंड सिलिंडरचे की कॅमशाफ्टचे, हे आकड्यावरून ठरत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एका इंजिनावरून हजारो इंजिनांबद्दल काय सांगणार? एका नमुन्यावरून सरासरी निघत नाही, हे खरेच. पण झिजेची ठेवण तिचे कारण सांगते, आणि आरेखनात दोष असेल तर तो प्रत्येक इंजिनात उतरणार.

अर्थात, ही पारख मोजमापाच्या शिस्तीवर उभी आहे. ८० मिलिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा पिस्टन १० अंशांनी तापला तर सुमारे १८ मायक्रॉनने फुगतो. तेवढी तर खरी झीजही असू शकते. म्हणून भाग २० अंश सेल्सिअस या प्रमाण तापमानाला आणून, चाचणीआधी मोजलेल्या त्याच खुणांवर पुन्हा मोजावे लागतात. धुण्याआधी त्यांचे फोटो घ्यावे लागतात, कारण काजळी आणि चिकटलेले कण हाही पुरावाच असतो. या कामाला वेळ आणि पैसा लागतो. तो वाचवला, तर दोष तसाच राहतो आणि त्याची किंमत गाडी विकत घेणाऱ्याला रस्त्यावर मोजावी लागते.