न जेवताच चौरंग उचलला!

सतराशे वर्षांपूर्वीची, बाबिलोनियातली गोष्ट. अब्बाये नावाचा पोरका मुलगा, त्याला रब्बा या गुरूनं वाढवलेलं. वल्हांडणाची, म्हणजे पेसाहची रात्र. त्या काळी जेवायला प्रत्येकापुढं एक छोटा चौरंग मांडत. सगळे बसले आणि एकही घास पोटात जायच्या आत चौरंग उचलून नेऊ लागले. अब्बायेला राहवलं नाही. अजून जेवलोही नाही आणि उचलताय काय, असं तो बोलून गेला. रब्बा खूश! आता आम्हाला या रात्रीचे ठरलेले प्रश्न म्हणायची गरज उरली नाही, तू सोडवलंस आम्हाला, असं त्यानं सांगितलं.

ज्यूंच्या तालमूद या महाग्रंथानं हा किस्सा जपून ठेवलाय. चौरंग चुकून उचलला नव्हता. पोरानं विचारावं म्हणूनच उचलला होता.

घरी मुलांना धर्मग्रंथ शिकवायचा म्हटलं की आपण पाठांतर लावतो, पोथी वाचून दाखवतो, मूल चुळबूळ करू लागलं की डोळे वटारतो. वल्हांडणाच्या रात्रीचा सेदेर हा घरगुती विधी नेमका उलट्या बाजूनं सुरू होतो. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटकेची कथा मुलांना सांगा, ही आज्ञा बायबलच्या निर्गम ग्रंथातलीच. पण सांगायची कशी? इसवी सन २०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या मिश्ना या ज्यू नियमग्रंथानं वाट काढली: द्राक्षारसाचा दुसरा पेला भरला की मुलानं विचारायचं. त्याला सुचत नसेल तर बापानं विचारायला शिकवायचं आणि त्याच्या समजुतीप्रमाणे सांगायचं. आधी प्रश्न, मग कथा.

आता प्रश्न उगवावा कसा? इथं त्या जुन्या रब्बींची, म्हणजे ज्यू धर्मगुरूंची कल्पकता बघून मी थक्क होतो. मेजवानीची तयारी दिसते, द्राक्षारसावर आशीर्वाद म्हटला जातो, हात धुतले जातात. आता जेवण येणार! येतो तो भाजीचा एक तुकडा, तोही मिठाच्या पाण्यात बुडवलेला. आणि मग पुन्हा काहीच नाही. हे बुडवणं मुलांचं लक्ष वेधावं म्हणूनच आहे, असं तालमूद सरळ सांगतो. आज खारट पाण्यात गुलामीतली आसवं पाहतात, ते खरंच, पण आधी हवा होता तो पोराचा चक्रावलेला चेहरा. पुढं मात्झा, म्हणजे खमीर न घातलेली पातळ रोटी. शेजारी डोळ्यांत पाणी आणणारी कडू भाजी. आणि फळं-सुकामेव्याचा तपकिरी लगदा, गुलामांनी मळलेल्या चिखलाची आठवण म्हणून. गोड चिखल खायला कोण नाही म्हणेल?

मग सगळ्यांत धाकटं पोर उभं राहतं आणि आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का, असे ठरलेले चार प्रश्न म्हणतं. घरातले आजोबा-काका निमूट ऐकतात. मूल नसेल तर बायकोनं विचारावं, एकट्यानं स्वतःलाच विचारावं, सगळं शास्त्र तोंडपाठ असलेल्या दोन पंडितांनीसुद्धा एकमेकांना विचारावं, असा नियम! प्रश्नाला सुट्टी नाही.

मुलं पेंगतात हेही रब्बींना ठाऊक होतं. रब्बी अकिवा त्या संध्याकाळी पोरांना भाजलेले दाणे आणि आक्रोड वाटत. मुलांनी झोपू नये म्हणून मात्झा हिसकावण्याचाही उल्लेख तालमुदात आहे. आजही बऱ्याच घरांत ताटातल्या मात्झांपैकी मधली मोडून मोठा तुकडा दडवतात. त्याला अफिकोमन म्हणतात. तो खाल्ल्याखेरीज जेवण पुरं होत नाही, म्हणजे तो ज्या पोराच्या हाती लागला ते पोर रात्र अडवून धरतं, आणि बक्षीस कबूल झाल्यावरच तुकडा परत येतो. धर्मविधीतली ही राजरोस खंडणी मला फार आवडते.

सेदेरच्या पोथीत, म्हणजे हगादेत, चार मुलांचं वर्णन येतं: शहाणा, उर्मट, साधा, आणि ज्याला विचारताच येत नाही असा. उर्मटाला खडे बोल आहेत, पण त्यालाही पंगतीत जागा आहे. चौथ्यापाशी बोलणं मोठ्यानंच काढायचं. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्यांचा विचार इतक्या आधी कुणी केला होता!

या गोष्टीचा एक धागा थेट आपल्या कोकणात येतो. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज आले, असं बेने इस्राएल हा मराठी बोलणारा ज्यू समाज मानतो. तेलाचे घाणे चालवणारी, शनिवारी घाणा बंद ठेवणारी ही माणसं म्हणून गावात ‘शनिवार तेली’. त्यांच्यापाशी ग्रंथ उरले नव्हते. वल्हांडणाच्या दिवसांत ते ‘अनशी ढाकायचा सण’ पाळत, आंबट पदार्थाचं भांडं झाकून ठेवत. आंबलेलं वर्ज्य, एवढी खूण टिकली होती. भांडं का झाकायचं, हे सांगणारी पोथी मात्र हाताशी नव्हती.

ती मराठीत आली १८४६ साली, मुंबईत छापलेल्या हगादेतून. १८७४ ची पुण्याची हगादा तर सचित्र आहे. तीत साडी नेसलेल्या बायका मात्झाची तयारी करताना दिसतात. मिसरची कथा ऐकणाऱ्या पोराला चित्रात थेट आपली आजीच सापडावी! १८८० च्या सुमारास तर बेने इस्राएल मंडळींनी बायबलातल्या पुरुषांवर मराठी कीर्तनं रचायला घेतली. अब्राहामाचं आख्यान, आणि तेही आपल्या हरदासी थाटात.