सुप्याहून आलेली आरामखुर्ची

आमच्या रामनगरच्या घरी ओसरीवर एक सागवानी आरामखुर्ची आहे. मागे कललेली पाठ, लांबलचक हात आणि त्या हातांखालून बाहेर फिरणाऱ्या दोन फळ्या. त्यांवर पाय टाकून आजोबा दुपारी पडायचे. आम्हा मुलांसाठी मात्र ते विमानाचे पंख होते!

खुर्ची मूळची जुन्या सुपा गावातली. काळी नदीवरचं १०१ मीटर उंचीचं सुपा धरण १९८७ मध्ये पूर्ण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. तिथली बरीच कुटुंबं रामनगरला आली. आजोबांच्या ट्रकमध्ये भांडी, दाराच्या दोन चौकटी आणि ही खुर्ची होती. त्या घरातलं एवढंच उरलंय.

गेल्या मे महिन्यात बाबा म्हणाले, "बेंगळुरूला घेऊन जा. इथं कोण बसतंय?"

मी खूश! माझ्या फ्लॅटमधला हप्त्यांवर घेतलेला सोफा चार वर्षांत बसला होता. सुतारानं खालचं कापड फाडून दाखवलं: भुश्याची फळी आणि पिना. "यात दुरुस्त काय करायचं?" म्हणाला. खुर्चीचं तसं नाही. सागाच्या तेलामुळे वाळवी सहसा फिरकत नाही, आणि वेत तुटला तरी जुना काढून त्याच भोकांतून नवा विणता येतो. बेळगावच्या एका कारागिराने तीन दिवसांत विणून दिला. वेत ओला करून विणायचा, वाळला की तो आपोआप ताणला जातो. पुढे सैल पडला तर खालून ओलं फडकं फिरवून सावलीत वाळवायचं. (आमच्या सॉफ्टवेअरला इतका सोपा उपाय असता तर!)

टेम्पो ठरवला, तेव्हा आई हळूच म्हणाली, "त्यांना त्या खुर्चीतून उठता येत नाही रे. गुडघे. म्हणून देतायत."

जुन्या आरामखुर्च्या दिसतात देखण्या, पण बुटक्या असतात. हे कौतुक करताना कुणी सांगत नाही. टेम्पो रद्द केला. गावातल्या सुताराकडून चारही पायांखाली चार इंची सागवानी ठोकळे बसवून घेतले. बाबा आधी रागावले, "आजोबांच्या खुर्चीला ठिगळं लावलीस!"

आता रविवारी त्यांचा फोन येतो तेव्हा मागे वेताची करकर ऐकू येते. मी अजून त्याच बसक्या सोफ्यावर आहे.